आवाजाचं नंतर बघू

तू पाठवलेल्या दोन्ही क्लिप्स ऐकल्या. हेडफोन लावून, दार बंद करून ऐकल्या. "ताई, कुठलीचा आवाज भारी आहे सांग ना," असं लिहिलंयस. अगं, खरं सांगू? दोन्हीत मला गिटार ऐकूच आली नाही. पहिल्या क्लिपमध्ये त्या पोरानं काळ्या स्क्वायर बुलेटवर इतकं डिस्टॉर्शन चढवलंय आणि वर इतका रिव्हर्ब ओतलाय, की खाली स्ट्रॅट आहे की फळीला ठोकलेली तार, देव जाणे. दुसरीतली पांढरी यामाहा पॅसिफिका बिचारी फरशीच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, अ‍ॅम्पपासून लांब ठेवलेल्या मोबाइलवर रेकॉर्ड झालीये. एकीत वाजवणारा ऐकू येतो, दुसरीत हॉल. तुलना करायची कशाची?

म्हणून म्हणते, आवाजाचं नंतर बघू. जुनी इलेक्ट्रिक गिटार घेताना आपण पैसे मोजतो ते तिच्या नेकचे, फ्रेटचे आणि खुंट्या-ब्रिजच्या लोखंडाचे. आवाज ही तिच्यातली सगळ्यात स्वस्तात बदलता येणारी गोष्ट. नव्या तारा घातल्या की आवाज बदलतो. पिकअपचा स्क्रू दोन वेढे वर-खाली केला की बदलतो. अ‍ॅम्प बदलला तर तीच गिटार आहे यावर विश्वास बसत नाही. पण नेक पिळलेला निघाला तर सगळंच मुसळ केरात. तुझ्या कॉलेजातली गिटारवाली पोरं हे सांगणार नाहीत, कारण त्यांना स्वतःच्या सोलोपुढे दुसरं काही सुचत नाही. म्हणून मी सांगतेय.

क्लिप फसवते कशी, ते आधी ऐक. व्हिडिओ काढताना फोन आपणहून आवाज सांभाळत बसतो. तार हळू छेडली की तो आवाज वर ओढतो, जोरात छेडली की दाबतो. हळू वाजवलं की मऊ आणि जोरात वाजवलं की अंगावर येणारी, हा जो गिटारचा खरा गुण, तोच पुसला जातो. मग ती क्लिप चॅटवरून पाठवताना आणखी आवळली जाते. आणि तू ती ऐकतेस फोनच्याच स्पीकरवर! गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झच्या आसपास बोलते. त्या एवढ्याशा स्पीकरला हा खर्ज झेपतच नाही. वरच्या स्वरांवरून आपला मेंदू खर्जाची कल्पना करून घेतो. म्हणजे तुला जो "जाडजूड, भारी" आवाज वाटला, त्यातला बराचसा तुझ्याच डोक्यानं भरलाय.

तेव्हा विकणाऱ्याला साधा मेसेज कर: "दादा, एक व्हिडिओ पाठवाल का? अ‍ॅम्प क्लीनवर, इफेक्ट काही नको. स्विचच्या प्रत्येक जागेवर सहाही तारा मोकळ्या वाजवा. मग व्हॉल्यूम आणि टोनची बटणं शून्यापासून दहापर्यंत हळू फिरवा. शेवटी एकेक तार घेऊन प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा. शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवलीत तर बरं." व्हिडिओ कंटाळवाणा होणार, पण ऐकण्यासारखं सगळं त्यातच असतं. एखादी फ्रेट मुकी असेल, बटण खरखरत असेल, स्विचच्या एका जागेवर आवाज गायब होत असेल, तर सोलोत ते झाकलं जातं, इथे नाही. आणि तारखेच्या चिठ्ठीचा राग येणारा माणूस मला तरी नको. ज्याच्या हातात खरंच गिटार आहे तो हे दहा मिनिटांत करून देतो. ज्याच्याकडे नुसते नेटवरून उचललेले फोटो आहेत तो "आत्ता गावाला आहे", "अ‍ॅम्प मित्राकडे आहे" करत बसतो.

फोटोही माग. एक हेडस्टॉकच्या मागचा, जिथे नंबर असतो. स्क्वायरच्या इंडोनेशियात बनलेल्या कितीतरी गिटारींचा नंबर आयसीएस या अक्षरांनी सुरू होतो आणि पुढचे दोन आकडे सालाचे असतात. आयसीएस१७ असेल तर गिटार २०१७ची. जाहिरातीत "जेमतेम दोन वर्षं वापरलेली" असं लिहिलंय ना, ते मग आपोआप तपासून होतं. तशीही स्क्वायरनं बुलेट मालिका बंद करून २०२३ मध्ये तिच्या जागी सोनिक आणली, म्हणजे बुलेट म्हटली की ती थोडीफार जुनी असायचीच. त्यात वाईट काही नाही, फक्त भाव त्या हिशेबानं हवा. आणि जाहिरातीच्या मथळ्यात "फेंडर" असं ठळक लिहून फोटोत स्क्वायर दाखवणारे खूप असतात. स्क्वायर फेंडरचीच, जशी एपिफोन गिब्सनची. पण नाव मोठ्याचं आणि माल धाकटीचा असं असेल तर भाव धाकटीचाच द्यायचा. पंचवीस हजारांत "ओरिजिनल गिब्सन लेस पॉल" दिसली तर मला पाठवूसुद्धा नकोस. ती चीनची नक्कल असते, हे डोळे मिटून समज.

आता तुझ्या या दोघींबद्दल, म्हणजे तू ऐकणार आहेस काय ते कळेल. बुलेटवर तीन सिंगल कॉइल पिकअप आहेत, १९५४ च्या मूळ स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाचे. त्या पहिल्या स्ट्रॅटच्या स्विचला तीनच थांबे होते. पण वादकांच्या लक्षात आलं की दांडी दोन थांब्यांच्या मधोमध अडकवली तर दोन पिकअप एकत्र वाजतात आणि एक पोकळ, नाकात बोलल्यागत गोड आवाज निघतो. पोरं वर्षानुवर्षं दांडी अशीच मधे अडकवत राहिली, आणि फेंडरनं पाच थांब्यांचा स्विच द्यायला १९७७ साल उजाडलं. तुझ्या बुलेटवर आहे तो हाच. त्यातला दुसरा आणि चौथा थांबा नीट ऐक, स्ट्रॅट घेणारे निम्मे लोक त्या दोन आवाजांसाठीच घेतात.

पॅसिफिका ०१२ वर दोन सिंगल कॉइल आहेत आणि ब्रिजपाशी एक हंबकर. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तार. ती गिटारच्या तारेचं कंपन पकडते आणि त्याबरोबर घरातल्या विजेचंही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती घुरघुर जवळजवळ 'जी' या स्वरात येते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथली घुरघुर वेगळ्या पट्टीत! गिब्सनमधल्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरनं १९५५ मध्ये याच्यावर तोडगा काढला. उलटसुलट जोडलेल्या दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, म्हणजे विजेची घुरघुर एकमेकींना खोडते आणि तारेचा आवाज दुप्पट होतो. हाच हंबकर. तो जाड बोलतो, जोरात बोलतो, डिस्टॉर्शनला गोड लागतो. सिंगल कॉइल मोकळा, काचेसारखा स्वच्छ बोलतो आणि घुरघुरतो. तेव्हा बुलेट घुरघुरली म्हणून "बिघडलीये" असं समजू नकोस. गिटार गळ्यात घालून जागच्या जागी गोल फिर. एका दिशेला घुरघुर कमी होईल, दुसरीला वाढेल. तारांना हात लावलास की आणखी कमी व्हायला हवी. हात लावून काहीच फरक पडला नाही, तर ब्रिजकडे जाणारी अर्थची वायर सुटलीये. पाच मिनिटांचं सोल्डरिंग आहे, तू स्वतः करशील. पण ते विकणाऱ्याला लगेच सांगू नकोस, भाव ठरवताना उपयोगी पडतं.

लाकडाच्या प्रवचनांत मात्र अडकू नकोस. कुणी म्हणेल बासवूड मऊ बोलतं, अगाथिस मेलेलं असतं, अल्डर म्हणजे स्वर्ग. नॅशव्हिलच्या जिम लिल या गिटारवादकानं एक व्हिडिओ केलाय. त्यात त्यानं बॉडीही न वापरता आणि नेकही न वापरता नुसत्या कामाच्या बाकांमध्ये तारा ताणल्या, खाली पिकअप धरला आणि चांगल्या महागड्या गिटारशेजारी तो आवाज ठेवला. फरक सांगताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. लाकडाचा काडीचाही संबंध नाही असं मी म्हणत नाही, पण तुझ्या बजेटमध्ये पिकअप, तारा, अ‍ॅम्प आणि तुझी बोटं यांच्यापुढे लाकडाचा नंबर फार खाली लागतो.

भेटायचं कुठे, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि या बाबतीत माझं ऐकायचंच. अनोळखी माणसाच्या घरी एकटीनं जायचं नाही. "घरी या, अ‍ॅम्प इथेच आहे" असं तो अगदी सरळ मनानं म्हणत असेल, तरीही नाही. पुण्यात तासावर जॅमरूम मिळतात. तिथे चांगला अ‍ॅम्प असतो, बाहेर माणूस बसलेला असतो, आणि मनासारखा आवाज करता येतो. तासाचं भाडं तू दे, विकणाऱ्याला तिथे बोलाव. दोघांनाही एकाच दिवशी, तासाच्या अंतरानं बोलाव. म्हणजे खोली तीच, अ‍ॅम्प तोच, वाजवणारी तूच. तुलना याला म्हणतात.

परवा शेजारच्या काकूंच्या लेकाबरोबर मी अशीच एक गिटार बघायला गेले होते. विकणारे चाळिशीचे गृहस्थ, गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात वाजवणारे. रेक्झिनच्या बॅगेतून गिटार काढली. बॉडीवर टवके उडालेले, पाठीमागे पट्ट्याच्या बकलानं घासून लाकूड दिसत होतं. पण बॅगेच्या खिशात अ‍ॅलन कीचा जुडगा, तेलाची छोटी बाटली आणि तारांचं न फोडलेलं पाकीट. केबल लावली तशी गिटार चर्रर्र करून गप्प झाली. त्यांनी अंगठ्यानं जॅक दाबून धरला, आवाज आला. म्हणाले, "जॅकचा नट ढिला होतो, दर दोन-तीन महिन्यांनी आवळावा लागतो. बाकी काही नाही. हां, तिसऱ्या तारेखाली दुसरी फ्रेट जरा बसलीये, बघून घ्या." स्वतःहून सांगितलं. आमच्या पठ्ठ्याचं तोंड एवढंसं झालं, त्याला चकचकीत हवी होती. मी त्याला कोपरानं ढोसलं. वाजवणाऱ्याच्या हातातली, टवके उडालेली पण तेल-पाणी झालेली गिटार ही कपाटावर चार वर्षं धूळ खात पडलेल्या "अगदी नव्यासारखी"पेक्षा कितीतरी बरी. न वाजवलेल्या गिटारीचा नेक कुणी बघत नाही, पावसाळ्यात लाकूड ओल पितं, वाकतं, आणि कुणाला पत्ताच नसतो.

तो नेक कसा बघायचा, ते सांगते. गिटार हातात आली की आधी केबल लावायचीच नाही. हेडस्टॉक डोळ्यापाशी धर आणि नेकच्या कडेवरून बॉडीकडे बघ. कॅरमच्या पाटावर नेम धरताना डोळा पाटाच्या पातळीला आणतेस ना, तसा. दोन्ही कडा सरळ आणि एकमेकींना समांतर दिसायला हव्यात. मधे किंचित खोलगटपणा असला तर हरकत नाही, उलट थोडा हवाच असतो. पण एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल, म्हणजे नेकला पीळ पडला असेल, तर गिटार बॅगेत घालून परत दे. "थँक यू दादा" म्हण आणि विषय संपव. पीळ काढता येत नाही.

मग जाड तार पहिल्या फ्रेटवर एका बोटानं आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हातानं दाबून धर. तार आता सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघ. साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी असली की उत्तम. फट मोठी असेल तर नेक पुढे वाकलाय, तार फ्रेटला टेकूनच बसली असेल तर मागे. दोन्ही नेकच्या आतल्या ट्रस रॉडनं ठीक होतं, पण तो रॉड फिरायला हवा. आधीच्या मालकानं पार आवळून संपवला असेल तर फिरवायला काही उरलेलं नसतं. विकणाऱ्यालाच सांग, चावी लावून पाव वेढा फिरवून दाखवा म्हणून. तू फिरवू नकोस, तुटला तर तुझ्या गळ्यात पडेल.

बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोज. तुझ्या कंपासमधली पट्टी चालेल. जाड तारेखाली दोन मिलिमीटर, बारीक तारेखाली दीडच्या आसपास असेल तर छान. चार-पाच मिलिमीटर असेल तर बोटं सोलून निघतील. मग फ्रेटकडे ये. पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारांखाली खाचा पडल्यात का, नखानं चाचपून बघ. बारीक खाच चालते. नख अडकण्याइतकी खोल असेल तर फ्रेट घासून समतल कराव्या लागतात, नाहीतर बदलाव्या लागतात. आणि तुझ्या बजेटच्या गिटारीवर ते काम म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पॅसिफिकावाला मूळचा अलिबागचा आहे म्हणालीस ना? मग ब्रिजवरचे छोटे स्क्रू बघ. समुद्राच्या हवेत तेच आधी गंजतात. तिथे तारेची लांबी कमी-जास्त करून गिटार सगळीकडे सुरात राहील असं करावं लागतं, आणि स्क्रू गंजून बसला असेल तर ते करता येत नाही. तपासायला सोपं आहे. ट्यूनर लाव. बाराव्या फ्रेटच्या बरोब्बर वर बोट नुसतं टेकवून तार छेड, घंटेसारखा स्वर येईल. मग तीच तार तिथेच दाबून छेड. दोन्हीला ट्यूनरचा काटा एकाच जागी आला पाहिजे. दाबलेला स्वर चढा निघाला तर ब्रिजवरचं, त्या तारेखालचं सॅडल मागे न्यावं लागेल. तारा काळ्या पडल्या असतील तर ही परीक्षा धरू नकोस, जुन्या तारा सुरात खोटं बोलतात.

हे सगळं झाल्यावर केबल लाव. तू इलेक्ट्रॉनिक्सवाली, तुला एक गंमत सांगते जी गिटारवाल्यांतही थोडेच करतात. लॅबमधला मल्टिमीटर घेऊन जा. केबलचं एक टोक गिटारला लाव, व्हॉल्यूम पूर्ण उघड आणि दुसऱ्या टोकाच्या टिपपासून बाहेरच्या धातूपर्यंत रेझिस्टन्स मोज. सिंगल कॉइलला साधारण पाच ते सात किलो ओहम दिसतील, हंबकरला त्याहून जास्त. एकदम दोन-अडीचशे किंवा पाचशे किलो ओहम दिसले तर पिकअपची बारीक तार आत तुटलीये, तू मोजतेयस तो नुसता व्हॉल्यूमचा पॉट. बटण फिरवताना खरखर आली तर घाबरू नकोस. धूळ असते, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बहुतेक वेळा जाते. नाही गेली तर पॉट तपकीर गल्लीत मिळेल. विकणारा तुझ्याकडे विचित्र नजरेनं बघेल, बघू दे. मुलगी मल्टिमीटर काढतेय म्हटल्यावर भाव आपोआप थोडा खाली येतो, असा माझा अनुभव आहे.

आणि हो, "काहीतरी वाजवून दाखव ना" असं तो म्हणेलच. म्हणतातच. तुला एकही अख्खं गाणं येत नाही याची लाज वाटून घेऊ नकोस. तू परीक्षेला आलेली नाहीस, परीक्षा गिटारीची आहे. मोकळ्या तारा वाजव, एकेक फ्रेट वर चढत जा, हळू. तो मधेच हातातून गिटार घेऊन "मी दाखवतो" म्हणाला तर गोड हसून दे आणि परत घे. तो किती चांगला वाजवतो हे कळून आपल्याला काय करायचंय?

आता तुझा लाडका प्रश्न, आवाज. दोन गिटारींची तुलना करताना सगळ्यात मोठा चकवा आवाजाच्या जोराचा. थोडीशीही मोठी वाजणारी गिटार कानाला "भरदार" वाटते. पॅसिफिकाचा हंबकर मुळातच जोरात बोलतो, त्यामुळे बुलेटच्या ब्रिज पिकअपशेजारी ती जिंकणारच. हा निकाल खोटा. हंबकरवर असताना गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली आण, दोघी सारख्याच जोरात वाजताहेत असं सोबत नेलेल्या मैत्रिणीला दोन्ही वेळा खोलीच्या त्याच कोपऱ्यात उभी करून ठरव, मग ऐक. पॅसिफिकाचा मधला पिकअप बुलेटच्या मधल्याशी लावून बघ, ती जास्त सरळ लढत आहे. अ‍ॅम्प क्लीन, रिव्हर्ब शून्य, बाकीची सगळी बटणं बाराच्या काट्यावर. पहिली गिटार वाजवून झाली की अ‍ॅम्पच्या बटणांचा फोटो काढ, नाहीतर मधल्या वेळात कुणीतरी हात लावतं. केबल तुझी स्वतःची, आखूड, तीनेक मीटरची. लांब केबल वरचे स्वर खाते, तिच्यातल्या कपॅसिटन्समुळे. हे तुला मी शिकवायला नको. पिकही तोच.

तारांचं काय करायचं? एकीच्या नव्या आणि दुसरीच्या वर्षभर जुन्या असतील तर नव्या तारांची गिटार चमकून वाजणार आणि तुला वाटणार, केवढी मोकळी आहे! शक्य असेल तर दोघांनाही आधी सांग: "तारा नव्या घालून आणाल का? नऊच्या गेजच्या, पैसे मी देते." काहीशे रुपयांचा मामला आहे आणि गिटार घेतलीस तर तारा तुझ्याच.

शेवटची चाचणी डोळे मिटून. मैत्रिणीला थोडं येत असेल तर तिला वाजवायला दे, नाहीतर तुझंच वाजवणं रेकॉर्ड कर, फाइलींची नावं तिला बदलायला सांग आणि घरी हेडफोनवर ऐक. तुला न बघता सातत्यानं ओळखता आली, आणि एकच आवडत राहिली, तर तो फरक खरा. कधी ही, कधी ती, असं झालं तर आवाजाची चर्चा तिथेच बंद कर आणि ज्या गिटारीचा नेक हातात बरा बसतो ती उचल. माझं मत विचारशील तर दोघींचे नेक सारखेच निघाले, तर मी पॅसिफिकाकडे झुकेन. हंबकरमुळे तुझ्या त्या धडामधुडूम गाण्यांचीही सोय होते आणि क्लीनचीही. बुलेटचा नेक चांगला आणि पॅसिफिकाचा ब्रिज गंजलेला निघाला, तर मागेपुढे न बघता बुलेट.

भाव नव्या गिटारीच्या आजच्या किमतीवरून ठरव, त्यानं किती दिले त्यावरून नाही. चांगल्या स्थितीतल्या साध्या गिटारीला मी नव्याच्या निम्म्यापासून सुरू करते आणि दोन-तृतीयांशाच्या पुढे जात नाही. "माझ्याकडे एवढेच आहेत हो" असं काकुळतीनं म्हणू नकोस. "फ्रेटचं काम निघतंय, जॅक बदलावा लागेल, त्याचे कमी करा" असं म्हण. गिटारीत जे दिसलं तेवढंच बोलायचं, उगाच नावं ठेवायची नाहीत.

पैसे गिटार हातात आल्यावरच. टोकन नाही, "होल्ड करायला पाचशे पाठवा" नाही, कुरियरचे आगाऊ नाहीत. कुणी "मी फौजेत आहे, बदली झालीये, गिटार कुरियरनं पाठवतो" म्हणत ओळखपत्राचा फोटो पाठवला तर सरळ ब्लॉक कर. ती जुनी ठगी आहे आणि खऱ्या जवानांच्या नावाला बट्टा लावणारी. क्यूआर कोड स्कॅन करून यूपीआयचा पिन टाकला की पैसे खात्यातून जातात. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. चुकून काही गेलेच तर लाजून गप्प बसायचं नाही, त्याच क्षणी १९३० ला फोन करायचा. जुनं बिल असेल तर मागून घे. नसेल तर नंबर, किंमत आणि "ही माझी गिटार तुम्हाला विकली" एवढं त्याच्याकडून चॅटवर लिहून घे. चोरीची निघाली तर उद्या निस्तरायला नको.

अ‍ॅम्पचे पैसे वेगळे काढून ठेव, सगळे गिटारीत घालू नकोस. सध्या छोटा प्रॅक्टिस अ‍ॅम्प पुरे, किंवा गिटारीच्या जॅकमध्येच खोचायचा हेडफोन अ‍ॅम्प. तुझ्या खोलीचा विचार केला तर हेडफोनवालाच बरा, घरमालक काकांची झोपही मोडणार नाही. मोठा घेशील तेव्हा तीन पिनचा प्लग आणि भिंतीत खरं अर्थिंग हवं. तुझ्या खोलीतलं वायरिंग जुन्या वाड्यातलं आहे. तारांना हात लावल्यावर बोटांना मुंग्या आल्या तर गिटार तिथेच खाली ठेव आणि आधी वायरमन बोलाव. पाय ओले असताना तर वाजवायचीच नाही.

शनिवारची जॅमरूम बुक केलीस की मला वेळ कळव. त्याआधी दोघांकडून नेकचे फोटो आले की पाठव, रात्री उशिरा आले तरी चालेल. आणि आईला इतक्यात काही बोलू नकोस. किंमत ऐकली की ती आधी "एवढ्यात चांगली हार्मोनियम आली असती" म्हणणार, आणि अ‍ॅम्प वेगळा घ्यावा लागतो हे तर तिला अजून माहीतच नाही. ते मी बघते.